भाचा म्हणते शरीर म्हणजे हार्डवेअर: हातपाय बसवणाऱ्या बाईचं उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. दारव्ह्याकडचं गाव, भाचा नागपूरला इंजिनिअरिंगला, दिवाळीत घरी आला तर केस वाढवलेले, नखाला रंग, आणि रात्री ओसरीत तुम्हाला एकट्याला सांगितलं का मामा मी कधी पोरगा असतो कधी नसतो, आणि तसंही शरीर म्हणजे हार्डवेअर आहे, पुढं माणूस मशीनमध्ये मिसळून जाईल मग बाई काय न बाप्या काय. बॅगेत हार्मोनच्या गोळ्या सापडल्या. बहीण रडून राहिली, भाऊजी म्हणतात लग्न लावून टाका, आजी म्हणते बाहेरची बाधा आहे. आणि मी कृत्रिम हातपाय बसवते म्हणून तुम्ही मला विचारता, ताई तुम्ही तर रोजच अर्धा माणूस अर्धं मशीन पाहता, हे खरं आहे का पोट्टं मोबाईलनं बिघडलं.

पोट्टं बिघडलं नाही. आणि शरीर हार्डवेअर पण नाही. दोन्ही सांगते, पण आधी गोळ्यांचं, कारण बाकीच्या गोष्टी सहा महिन्यांनी बोलता येतात, गोळ्यांची गोष्ट याच आठवड्यातली आहे.

त्या पाकिटाचा फोटो काढून ठेवा. हिसकून फेकू नका, फेकल्या तर तो दुसऱ्या मेडिकलातून आणंल आणि तुम्हाला सांगणं बंद करंल. आपल्याकडे हे पोरं बहुतेक करून गर्भनिरोधक गोळ्या घेतात, कारण स्वस्त मिळतात आणि कोणी चिठ्ठी विचारत नाही. त्याच्यात जे इस्ट्रोजेन असते, इथिनिल इस्ट्राडिऑल, त्यानं रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढते, आणि लवकर फरक दिसावा म्हणून पोरं एका दिवसात तीन तीन चार चार खातात. गुठळी पायाच्या शिरेत झाली तर पाय सुजते, तिथून फुफ्फुसात गेली तर जीव जाऊ शकते. बिडी-सिगारेट असेल तर धोका अजून वर जाते. या कामातले डॉक्टर ते इस्ट्रोजेन देतच नाहीत, साधं इस्ट्राडिऑल देतात, मोजून, आणि मधात मधात रक्त तपासत राहतात. दुसरी गोळी असंल स्पायरोनोलॅक्टोन, ती पुरुषी हार्मोनचा असर कमी करते पण मुळात ती लघवी वाढवणारी गोळी आहे आणि रक्तातलं पोटॅशियम वाढवते, पोटॅशियम जास्त झालं का हृदयाचे ठोके बिघडतात. आता आपल्याकडचा मे महिना आठवा, पंचेचाळीसच्या वर पारा, होस्टेलात कूलर बंद, पाणी कमी पिलेलं, त्याच्यावर ही गोळी, तपासणी काहीच नाही. मला फिलॉसॉफीपेक्षा याची जास्त भीती वाटते.

अजून एक, आणि हे पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कोणी सांगणार नाही: सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या भागात, नागपूर चंद्रपूर गडचिरोली यवतमाळ कुठंही घ्या, पुष्कळ घरांत कोणी ना कोणी वाहक निघते. सिकलच्या पेशंटला आधीच गुठळीचा धोका जास्त असते, त्याच्यावर इस्ट्रोजेन म्हणजे डॉक्टर दहादा विचार करून देणार किंवा देणारच नाही. तुमच्या घरात कोणाला सांधेदुखीचे झटके, कावीळ, वारंवार रक्त चढवणं असं काही असंल तर तपासणी पहिले. सोल्युबिलिटी टेस्ट साधी आहे, पॉझिटिव्ह आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, त्याच्यावरून कळते का वाहक आहे का रोगी. २०२३ पासून तर सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशनच चालू आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

आणि काय परत येते काय येत नाही हे त्याला स्पष्ट सांगणारा माणूस पाहिजे. इस्ट्रोजेननं छाती वाढली का औषध बंद केल्यावर ती जात नाही, सर्जरीच लागते. वीर्य बनणं कमी होते, कधी कधी कायमचं, म्हणून चांगला डॉक्टर आधी विचारतो का बाबा पुढं मूल पाहिजे असंल तर साठवून ठेवायचं का. उलट्या बाजूनं, जन्मानं पोरगी असून टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचा आवाज फुटला का फुटला, दाढी आली का आली. म्हणजे हे सदऱ्यासारखं घाला न काढा नाही. जो पोट्टा स्वतःला फ्लुइड म्हणते, कधी असं कधी तसं, त्यानं तर याचा जास्त विचार केला पाहिजे, कारण त्याला एका टोकाला जाऊन बसायचंच नसंल कदाचित. सगळ्यांनाच हार्मोन लागत नाही. सगळ्यांना ऑपरेशन तर मुळीच लागत नाही. नखाचा रंग, केस, नाव, एवढ्यावर आयुष्यभर मजेत राहणारे लोक आहेत.

तर नागपूरच्या मेडिकलला नाहीतर सेवाग्रामला जा, एंडोक्रायनॉलॉजी, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, आणि मानसोपचार दोन्हीची चौकशी करा. मानसोपचार याच्यासाठी नाही का तो वेडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आजारांच्या यादीत, ती जी अकरावी यादी २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली, हा विषय मानसिक आजारातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात टाकला. मानसोपचार याच्यासाठी, का घरी रडारड, कॉलेजात चिडवणं, हे सोसताना झोप जाते, जेवण जाते, नको ते विचार येतात. रात्री-बेरात्री कोणी नसलं तर मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता माझ्या कामाचं.

माझ्याकडे जे येतात ते थ्रेशरमध्ये हात गेलेले, ट्रॅक्टरखाली पाय आलेले, शुगरनं पाय कापलेले, कॅन्सरनं स्तन काढलेल्या बाया. भाच्याच्या भाषेत हे सगळे सायबोर्ग, अर्धे माणूस अर्धे मशीन. हा शब्द १९६० साली क्लाइन्स आणि क्लाइन नावाच्या दोघांनी काढला, अंतराळात जायचं तर इथली हवा सोबत नेण्यापेक्षा माणसाचं शरीरच तिथल्यासारखं करा असा त्यांचा विचार. मग १९८५ साली डोना हॅरावे, मूळची जीवशास्त्राची बाई, तिनं हा शब्द उचलला आणि म्हणाली का माणूस, जनावर, मशीन याच्या मधातले धुरे आता राहिलेच कुठं, आणि ते नाही राहिले तर निसर्गानं घडवलेली अस्सल बाई, अस्सल पुरुष हे तरी कुठून आणता. तुमचा भाचा जे बोलून राहिला त्याचं मूळ इथं आहे. इंटरनेटवरच्या रिकामटेकड्यांनी काढलेली गोष्ट नाही ही, चाळीस वर्षं लोक याच्यावर डोकं खपवून राहिले.

आणि याच्यात तथ्य आहे हे मी बसल्या जागी सांगू शकते. तुमच्याच गावात मोजा राजेहो. पेसमेकरवाला एखादा म्हातारा असंल, डोळ्यात लेन्स टाकलेल्या तर किती, शुगरचं इन्सुलिन टोचणारे, थायरॉइडची गोळी खाणाऱ्या, पाळी लांबवायची गोळी खाऊन लग्नात मिरवणाऱ्या, पिशवी काढलेल्या बाया. बाहेरून आणलेलं हार्मोन, बाहेरून आणलेला पार्ट, आतून काढलेला पार्ट. पिशवी काढली म्हणून तिला कोणी म्हणते का तू आता बाई नाही? (म्हणणारे आहेत म्हणा, पण ते सासूबाईंचं भांडण, शास्त्र नाही.) देवानं दिलं तसं शरीर राहू द्या हा नियम आपण कोणालाच लावत नाही, फक्त या एका लेकरालाच लावतो.

पण मग भाचा पुढं जे म्हणते, का शरीर हार्डवेअर, मन सॉफ्टवेअर, पाहिजे तिथं टाका, ते मी मानत नाही, आणि हॅरावेच्या गोतावळ्यातले लोकही मानत नाहीत. एन. कॅथरीन हेल्स म्हणून बाई आहे, आधी केमिस्ट्री शिकली मग साहित्याकडे वळली, तिनं १९९९ मध्ये पूर्ण ताकदीनं हेच खोडून काढलं, का माहिती कधी हवेत लटकत नाही, तिला राहायला कशात तरी राहावं लागते आणि ज्याच्यात राहते त्याचा रंग तिला लागते. भाच्याला म्हणा हेल्सबाईला वाच, मग माझ्याशी भांड.

मी हे वाचून नाही, स्टंप पाहून सांगते. पाय कापल्यावर जो भाग उरते तो स्टंप महिन्यामहिन्याला बदलते, सूज उतरते, मांस कमी होते, आज प्लास्टरचा साचा घेऊन बनवलेलं सॉकेट, म्हणजे स्टंप ज्याच्यात बसते ती वाटी, सहा महिन्यांनी ढिलं. उन्हाळ्यात घाम येते, सॉकेट घसरते, मग फोड, मग पू, मग पंधरा दिवस पाय खुंटीला आणि माणूस बाजेवर. परदेशात १९९० च्या दशकापासून कॉम्प्युटरवाला गुडघा विकत मिळते, चाल पाहून स्वतः जुळवून घेतो, लाखोच्या घरात किंमत, आणि चार्ज करत राहावा लागते. आमच्याकडचा शेतकरी पहिला प्रश्न काय विचारते माहीत आहे? चिखलात चालते का. काळ्या मातीचा चिखल, जुलैचा, चपलेला दोन किलो चिटकते तो. त्याच्यासाठी जयपूरचा रबरी पाय बरा पडते, १९६८ च्या सुमाराला डॉ. सेठी आणि रामचंद्र शर्मा कारागीर यांनी बनवला तो, अनवाणी चालता येते, उकिडवं बसता येते, मांडी घालता येते, गावात दुरुस्त होते. म्हणून मी म्हणते शरीराच्या पलीकडे जायच्या गोष्टी करा पण आधी हे पाहा का ते शरीर कोणत्या मातीत उभं आहे.

आता याच्यात बाई-बाप्या कुठं आलं? लय जागी येते. जयपूर पायाला बोटं असतात, आणि बाया हमखास विचारतात, ताई याच्यात जोडवं बसंल का. पाय चालतो का हे नंतर. एक बाई तर चांगला हलका, मेटलचा पाय नको म्हणाली, कारण त्याच्यावर पैंजण घातलं तर दिसायला बरं दिसंना. गडी माणूस हात गेल्यावर काय म्हणते? दुखते म्हणत नाही. म्हणते मी आता काय कामाचा, बायकोच्या जिवावर बसून खायचं, बांगड्या भरा मले. डाव्या हाताचा पंजा गेला आणि याचं पुरुषपण गेलं! कुठं होतं ते, पंजात? नाही, वखराच्या रुमण्यावर होतं, बैलाच्या कासऱ्यात होतं, बाजारात पैसे मोजण्यात होतं. ज्युडिथ बटलरनं १९९० मध्ये हीच गोष्ट मोठ्या अवघड भाषेत मांडली, का जेंडर, म्हणजे बाईपण-पुरुषपण, ही रोज रोज करत राहायची गोष्ट आहे, करून करून ती आपल्याला उपजत वाटायला लागते. यवतमाळ-वर्ध्यात ज्या बायांचे नवरे कर्जापायी गेले त्यांच्याकडे पाहा, निंदण-वेचणी हे बायाचं काम आणि वखरणी-डवरणी गड्याचं असं आपण ठरवलं होतं, आज त्याच डवरे हाकतात, फवारणीचा पंप पाठीवर घेतात, बँकेत मॅनेजरशी भांडतात. गावानं आधी नावं ठेवली, मग सवय झाली.

पण इथंच मी बटलरपासूनही थोडी बाजूला सरकते, कारण सगळंच करण्यावर असतं तर बांगड्या भरा म्हणणारा तो गडी दोन वर्षांनी घरात पोळ्या लाटून बाईच झाला असता. नाही झाला. पोळ्या लाटतो, झकास लाटतो, आणि आतून गडीच आहे. म्हणजे काही गोष्ट आत असते जी काम बदलल्यानं, पार्ट गेल्यानं हलत नाही.

हे आत म्हणजे काय, याच्यावर माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पाय कापलेल्या माणसाला कापलेला पाय जाणवत राहते. अंगठा खाजते, रात्री पोटरीत गोळा येते, आणि तिथं गादी सपाट. याला फँटम लिंब म्हणतात. घरचे म्हणतात भ्रम झाला, कोणी लिंबू उतरवते. भ्रम नाही, मेंदूत शरीराचा एक नकाशा असते आणि पाय गेला तरी नकाशातला पाय जात नाही. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात साध्या आरशानं याच्यावर इलाज काढला, चांगला पाय आरशात असा दाखवायचा का मेंदूला वाटावं दुसराही आहे, आणि पुष्कळांचं दुखणं कमी होते. आम्ही पण आरसा वापरतो, नागपूरच्या काचवाल्याकडून कापून आणलेला. याच रामचंद्रननी आणि त्यांच्या सोबत्यानं २००८ मध्ये ट्रान्स लोकांना विचारून पाहिलं. जे पुरुष म्हणून जन्मले पण स्वतःला बाई मानतात त्यांचं ऑपरेशन झाल्यावर गेलेला अवयव जाणवण्याचं प्रमाण, कॅन्सरमुळे तोच अवयव गमावलेल्या पुरुषांपेक्षा कमी निघालं. आणि बाईच्या शरीरात जन्मलेले पण पुरुष असलेले काही जण म्हणाले का कधी नसलेला अवयव आम्हाला लहानपणापासून जाणवते. छोटी पाहणी होती, लोकांच्या सांगण्यावरची, त्याच्यावरून कायदा लिहू नये. पण मला ती पटते, कारण नकाशा आणि जमीन जुळत नाही म्हणजे काय हाल होतात ते मी आयुष्यभर पाहिलं. एकाला आम्ही मापात परफेक्ट पाय दिला, तो त्यानं कधीच आपला मानला नाही, खुंटीला टांगला. दुसरा बाभळीच्या लाकडाचा स्वतः तासलेला खुंट वर्षानुवर्षं वापरतो, नवा घे म्हटलं तर चिडतो, म्हणते हा माहा पाय आहे. कोणता पार्ट आपला, हे बाहेरचा माणूस माप घेऊन ठरवू शकत नाही. मी तर नाहीच.

स्तन काढलेल्या बायांसाठी सिलिकॉनचा स्तन असते, ब्रामध्ये बसवायचा. नुसत्या देखाव्यासाठी नाही, एका बाजूचं वजन गेलं का खांदा झुकते, पाठ दुखते, म्हणून वजनदार पाहिजे. ज्यांना परवडत नाही त्या कापडाच्या पिशवीत कापूस भरतात, आपला तर कापसाचाच मुलूख, पण कापूस हलका, वर सरकत गळ्याजवळ येते, म्हणून मी सांगते का खाली थोडी मोहरी शिवून टाका, जागेवर राहते. हीच पिशवी खडी गंमतीतला, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्यातला, बाई होऊन नाचणारा नाच्या वापरते. हीच पिशवी कधी कधी माझ्याकडे येणारी ट्रान्स बाई मागते. तिघींना (नाच्या धरून तिघी म्हटलं, चालते ना) वस्तू तीच, शिवण तीच. एकीला सगळे म्हणतात बिचारी, एकाला शिट्ट्या मारतात, एकीला दगड मारतात.

जन्मानं पोरगी असून छाती लपवणाऱ्या पोरांसाठी पण इथंच सांगून टाकते, तुमच्या भाच्याचा हा प्रश्न नाही पण कोणाचा तरी असंल: क्रेप बँडेज गुंडाळू नका, पॅकिंगची टेप तर बिलकुल नाही, श्वासाला कसते, बरगडी दुखावते. त्याच्यासाठीच बनवलेला घट्ट बनियनसारखा बाइंडर घ्या, आठ तासांच्या वर नाही, झोपताना नाही, धावताना नाही, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी तो काढूनच ठेवा, उष्माघाताला निमंत्रण आहे ते.

शरीरात दोनच खाने असतात हे पण तेवढं खरं नाही. काही जणांच्या पेशीत एक्सवाय, म्हणजे पुरुषाची समजली जाणारी गुणसूत्रं, असते पण शरीर पुरुषी हार्मोन ओळखतच नाही, जन्मतः पोरगी, वाढते पोरगी म्हणून, पाळी येत नाही म्हणून डॉक्टरकडे नेतात तेव्हा कळते. ओडिशाची धावपटू द्युती चंद, तिच्या शरीरात नैसर्गिकच टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून २०१४ मध्ये टीममधून काढलं, ती लढली, २०१५ मध्ये क्रीडा लवादानं तो नियमच थांबवला. तुमच्या भाच्याचं असं काही असंलच असं नाही, बहुतेक नसते, शरीर तपासून याचं उत्तर मिळत नाही आणि ते शोधायला सोनोग्राफी करत फिरू नका.

कॉम्प्युटरचा विषय त्यानं काढलाच आहे तर त्याला अॅलन ट्युरिंगबद्दल विचारा, इंजिनिअरिंगवाल्याला नाव माहीत असंल. १९५० मध्ये ट्युरिंगनं मशीन विचार करते का हे ओळखायचा जो खेळ मांडला, त्याची सुरुवात मशीनपासून नव्हती, पडद्यामागं एक पुरुष एक बाई, नुसत्या लिहिलेल्या उत्तरावरून ओळखा कोण कोण आहे, अशी होती. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, पुरुषावर प्रेम केलं म्हणून इंग्लंडच्या कोर्टानं त्याला दोषी ठरवलं आणि जेल टाळायला इस्ट्रोजेन घ्यायला लावलं. त्याची छाती वाढली. १९५४ मध्ये तो गेला. तुमच्या भाच्याच्या बॅगेत बहुतेक त्याच जातीचं औषध असंल, भाऊ. कोणी स्वतःसाठी डॉक्टरच्या देखरेखीत घेतलं तर इलाज, आणि सरकारनं टोचलं तर शिक्षा. म्हणून मी औषधाला चांगलं वाईट म्हणत नाही, कोणाच्या मर्जीनं आणि कोणाच्या देखरेखीत एवढं विचारते.

आजीचं काय करायचं? आजीला हे माणसाच्या पलीकडचं, पोस्टह्यूमन, सांगू नका. आजीला गुलाबराव महाराज माहीत असतील, अमरावती जिल्ह्यातले, प्रज्ञाचक्षू, १८८१ चा जन्म, लहान लेकरू असतानाच डोळे गेलेले, आणि चौतिसाव्या वर्षी गेले तोवर शंभराच्या वर ग्रंथ. स्वतःला ज्ञानेश्वरमाउलींची लेक म्हणवत आणि कृष्णाची पत्नी. कुंकू लावत, मंगळसूत्र घालत. लग्न झालेलं, मूल होतं. वऱ्हाडात लोक त्यांच्या पाया पडले. आणि महानुभावांची परंपरा तर आपल्याच रिद्धपूरची, ते चक्रधरस्वामींबद्दल सांगतात का द्वारकेच्या चांगदेव राऊळांनी देह ठेवला आणि भरुचच्या प्रधानाच्या मेलेल्या पोराच्या देहात प्रवेश केला. हेच स्वामी बायांना विचारत का पुरुषाचा तेवढा जीव आणि तुमचा काय छोटा जीव आहे. आता महाराजांची भक्ती आणि तुमच्या भाच्याचं म्हणणं एक आहे असं मी बिलकुल म्हणत नाही, भक्ताला राग येईल आणि भाच्यालाही, त्याला देव नाही पाहिजे, होस्टेलात शांतता पाहिजे. एवढंच म्हणते का आजीच्या डोक्यात याच्यासाठी जागा आधीपासून आहे, तुम्ही उगाच घाबरून राहिले. दंडारीत, गावच्या नाटकात, रात्रभर लुगडं नेसून नाचणारा गडी पाहायला हीच आजी बैलगाडीतून जात होती का नाही ते विचारा.

मांत्रिकाकडे मात्र नेऊ देऊ नका. भूत उतरवायच्या नावानं मारणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि कोणी डिग्रीवाला म्हणाला का आणा मी बदलून देतो, शॉक देतो, औषध देतो, तर त्याच्याकडेही नाही, २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असल्या बदलून टाकायच्या इलाजाला डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं.

लग्नाबद्दल भाऊजींना माझ्या वतीनं सांगा का याच्यात एक परकी पोरगी येते. तिनं काय पाप केलं? लग्नानं हे जात नाही. दोन घरं मात्र मोडतात, आणि मग तिला म्हणतात तुलाच सांभाळता आलं नाही.

बहीण रडते ते मला वाटते एका चित्रामुळं, का आता हा टाळ्या वाजवत रेल्वेत फिरंल. बहिणीला सांगा, ते वेगळं आहे. किन्नरांचं आपलं घराणं असते, गुरू-चेला असते, रीतभात असते, त्याच्यात जाणारा प्रत्येक ट्रान्स नसते आणि प्रत्येक ट्रान्स तिथं जात नाही. बरेच जण जातात ते घरानं हाकललं म्हणून. २०११ च्या जनगणनेत देशात ४ लाख ८७ हजार लोकांनी पुरुष-स्त्री सोडून इतर म्हणून नोंद केली, महाराष्ट्रात ४० हजारांच्या वर, म्हणजे ज्यांनी हिंमत केली ते एवढे. घरानं दार उघडं ठेवलं तर तुमचा भाचा इंजिनिअर होऊन नोकरीच करंल, नखाला रंग लावून करंल.

कायद्याचं थोडक्यात: २०१४ मध्ये नालसा नावाच्या खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं का आपलं जेंडर कोणतं हे सांगायचा हक्क त्या माणसाचा. २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा मानणाऱ्या ३७७ कलमातली भीती गेली. २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर लोकांचा कायदा आला, त्याच्यात ओळखपत्र जिल्हाधिकाऱ्याकडून द्यायचं ठरलं. नियम बदलत असतात म्हणून अर्ज करायच्या आधी समाजकल्याणच्या ऑफिसात ताजा नियम विचारा, आणि आयुष्मानमध्ये याच्यासाठी काय मिळते तेही तिथंच विचारा. पण घाई काहूनची? जो अजून कधी असं कधी तसं म्हणून राहिला त्याला कार्डाच्या रांगेत ढकलू नका. त्याला वेळ पाहिजे.

तुम्ही शेवटी विचारलं का त्याला हाक काय मारू, भाचा का भाची. मी या पूर्ण उत्तरात भाचाच लिहिलं कारण तुम्ही तसं लिहिलं आणि लेकराशी माझं बोलणं नाही. त्यालाच विचारा. चारचौघात काय म्हणायचं आणि घरात काय म्हणायचं हे दोन वेगळं असू शकते, गावात पोळ्याच्या गर्दीत त्याला वेगळ्या नावानं हाक मारली तर त्याचीच पंचाईत होईल, म्हणून त्याच्या सोयीनं.

आणि रक्ताचे रिपोर्ट आले का इथंच लिहा: सिकल, पोटॅशियम, लिव्हर, किडनी, हिमोग्लोबिन. डॉक्टरचं मत शेवटचं, पण काय विचारायचं राहिलं ते मी सांगू शकते. एक पाय सुजला, पोटरी दुखली, छातीत कळ आली किंवा दम लागला तर रिपोर्टची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरला न लाजता सांगा, पाकिटाचा फोटो त्याच्यासाठीच काढायला लावला.